भिंतभर पडद्याचा इंटरफेस: इनोव्हेशन सेंटर नुसतं बघायचं की तिथे काम करायचं?

रेघोटी

मंडळी,

एका कंपनीच्या इनोव्हेशन सेंटरसाठी डिजिटल इंटरफेस करायचं काम सध्या आमच्या टीमकडे आहे. मोठा हॉल आहे. एका अंगाला ९.६ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच एलईडी भिंत, मधोमध टच टेबल, समोरच्या बाजूला प्रोजेक्शन, छतात कॅमेरे आणि सेन्सर. सामान ठरलंय, ऑर्डरही गेली आहे. त्यावर काय दिसावं आणि ते कसं चालावं, हे आता ठरवायचंय. अशी कामं केलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून आधी माझी मतं मांडतो, मग तुमची ऐकतो.

भिंतीवर काय काय झळकेल याची मागणीपत्रात पानंच्या पानं आहेत. दहा-बारा माणसं त्या हॉलमध्ये दोन तास बसून काय करणार, याला एकच परिच्छेद. मी त्या परिच्छेदापासून सुरुवात केली, कारण रोज वापरली जाणारी खोली आणि पाहुण्यांना फिरवून आणायची खोली यांतला फरक तिथेच ठरतो असं मला मनापासून वाटतं. अशा जागेत पहिला प्रश्न हा की कोण कुठे उभं आहे आणि ताबा कुणाकडे आहे. रंग, अॅनिमेशन, थ्रीडी हे सगळं त्यानंतर.

अंतरापासून सुरू करू. माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात याची एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ साली वर्गवारी केली होती: साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळिकीचं अंतर, १.२ मीटरपर्यंत वैयक्तिक, ३.६ मीटरपर्यंत सामाजिक, त्यापुढे सार्वजनिक. २००४ मध्ये व्होगेल आणि बालकृष्णन या संशोधकांनी हीच कल्पना पडद्याला लावली. लांबून जाणाऱ्याला पडद्यानं फक्त वातावरण द्यावं, कुणी जवळ येतंय असं दिसलं की हळूच दखल घ्यावी, थांबलेल्याला थोडी माहिती द्यावी आणि हाताच्या अंतरावर आलेल्याला त्याचं स्वतःचं काम करू द्यावं. आमच्या हॉलचा आराखडा मी याच चार पायऱ्यांवर बेतलाय. एकच मजकूर चार अंतरांवरून वाचला जाणार, हे गृहीत धरलं की अर्धे स्क्रीन आपोआप गळून पडतात.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. टच करायला माणूस भिंतीपासून साठेक सेंटिमीटरवर उभा राहतो. मान न वळवता साधारण ६० अंशांचा पट्टा नीट दिसतो असं धरलं, तर त्याच्या नजरेत भिंतीची जेमतेम ७० सेंटिमीटर रुंदी येते. म्हणजे साडेनऊ मीटरची भिंत त्याला दिसतच नाही! आपण लॅपटॉपवर डिझाइन करताना मधोमध डायलॉग उघडतो, कोपऱ्यात 'सेव्ह झालं' दाखवतो, वरच्या पट्टीत मेनू ठेवतो. इथे ते सगळं त्या माणसाच्या पाठीमागच्या गल्लीत घडल्यासारखं आहे. मेनू बोटापाशी उघडला पाहिजे आणि काम संपल्यावर तिथेच मिटला पाहिजे. दोघं एकाच वेळी काम करत असतील तर दोन मेनू हवेत. हॉलभर एकच 'बॅक' बटण ठेवलं की एकानं दाबल्यावर दुसऱ्याचं काम उडतं, म्हणून तसं बटणच नको.

टेबलाचं गणित पुन्हा वेगळं. स्टेसी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेबलाभोवती काम करणाऱ्यांचं निरीक्षण करून दाखवलं की माणसं न बोलता टेबलाची वाटणी करतात: आपल्या पुढ्यातला भाग आपला, मधला सगळ्यांचा, आणि कडेला सामान ठेवायची जागा. त्यामुळे टेबलावर मी ठरावीक मांडणी टाकणारच नाही. कागद जसा फिरवता येतो, सरकवता येतो, तसं प्रत्येक कार्ड फिरवता आलं पाहिजे. चार बाजूंना बसलेल्यांपैकी तिघांना मजकूर उलटा-आडवा दिसणारच, तेव्हा फिरवणं एका बोटानं जमलं पाहिजे.

तीन गोष्टींवर मत हवंय. हवेतल्या हातवाऱ्यांनी चालणारा इंटरफेस घ्यावा का? फोनला किती काम द्यावं? आणि हॉलमध्ये कायम एक ऑपरेटर असेल असं धरावं की नाही?

तारजोडणी

मी याच्या ऑडिओ-व्हिज्युअल बाजूला काम करतो, तेव्हा भौतिक गोष्टींपुरतं बोलतो.

९.६ गुणिले २.७ म्हणजे बहुधा तुमच्याकडे १.२५ मिलिमीटर पिचचे, म्हणजे शेजारच्या दोन ठिपक्यांत तेवढं अंतर असलेले, पॅनल आहेत. तसं असेल तर कॅनव्हास ७६८० × २१६० पिक्सेलचा, शेजारी शेजारी दोन फोर-के. निरोगी डोळा साधारण एक आर्कमिनिटचा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) तपशील वेगळा ओळखतो. त्या हिशेबानं १.२५ मिलिमीटरचे ठिपके सव्वाचार मीटरच्या पलीकडे मिसळून जातात आणि त्याच्या अलीकडे दिसू शकतात. हात लावायच्या अंतरावर तर एकेक ठिपका मोजता येईल. बारीक रेषांचे आयकॉन आणि पातळ वजनाचे फॉन्ट तिथे फाटलेले दिसतात. जाड, भरीव आकार घ्या.

अक्षरांसाठी मी २० आर्कमिनिट हे माप धरतो. ५ मीटरवरून आरामात वाचायला अक्षर २९ मिलिमीटर उंच हवं, म्हणजे तुमच्या भिंतीवर २३ पिक्सेल. मागच्या रांगेतला माणूस ८ मीटरवर असेल तर साडेसेहेचाळीस मिलिमीटर, म्हणजे ३७ पिक्सेल. ही अक्षराच्या अंगाची उंची झाली, फॉन्टचा आकडा त्याहून बराच मोठा येतो. देवनागरी असेल तर आणखी वाढवा. वेलांट्या, रफार, जोडाक्षरं यांचा तपशील शिरोरेषेच्या वर-खाली आणि पोटात असतो आणि तोच आधी विरघळतो. ओळींमधलं अंतरही मोकळं ठेवा.

एक विनंती, पांढरी पार्श्वभूमी टाळा. एलईडी भिंत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटवते. पूर्ण पांढरा स्क्रीन म्हणजे सर्वांत जास्त वीज आणि उष्णता, शिवाय अख्ख्या हॉलवर एक पांढरा झोत. पुढे उभं राहून बोलणाऱ्याचा चेहरा काळा पडतो आणि समोरच्या प्रोजेक्शनचा रंग धुऊन निघतो. गडद पार्श्वभूमी आणि त्यावर उजळ मजकूर घेतला तर भिंत आणि प्रोजेक्शन एकाच हॉलमध्ये नांदतात.

व्हिडिओ कॉल होणार असतील तर कॅमेऱ्याच्या चौकटीत एलईडी भिंत येईल का ते आत्ताच बघा. पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर बसली की पलीकडच्यांना लहरी दिसतात. इंटरफेसमध्ये बारीक पट्ट्या किंवा ठिपक्यांचं टेक्स्चर असेल तर त्यात भरच पडते.

आणि टच कशानं ओळखणार? एवढ्या मोठ्या भिंतीला बहुतेक वेळा लायडार (लेसरनं अंतर मोजणारा सेन्सर) किंवा इन्फ्रारेड चौकट लावतात. दोन्हींत एक हात दुसऱ्या हाताला झाकतो. शर्टाची बाहीही टच म्हणून नोंदली जाते. बटणं सेंटिमीटरमध्ये मोजा, पिक्सेलमध्ये नको. मी किमान ५ सेंटिमीटर आणि मध्ये भरपूर मोकळी जागा मागतो.

रेघोटी

@तारजोडणी, पिच १.२५ च आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीचं पटलं. कंपनीच्या ब्रँड पुस्तिकेत पांढरा हाच मूळ रंग आहे, पण तुम्ही दिलेलं कारण त्यांना सांगता येण्यासारखं आहे. फोटोंऐवजी त्यांना हॉलमध्ये उभं करून दोन्ही दाखवतो.

चर्चाघर

मी कार्यशाळा घेते, म्हणजे या हॉलमध्ये शेवटी मीच उभी असते. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, फोनबद्दल, मला खूप काही म्हणायचंय.

नव्या कल्पना काढायला माणसं एकत्र बसवली की जास्त कल्पना निघतात, असा सगळ्यांचा समज असतो. अभ्यास उलट सांगतात. १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी दाखवलं होतं की तेवढीच माणसं एकेकटी बसवून त्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या तर जास्त निघतात. १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे यांनी कारणांचा माग काढला. सर्वांत मोठं कारण साधं निघालं: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि थांबताना सुचलेलं विसरतात, सोडून देतात किंवा तेच घोकत बसून पुढचा विचार करत नाहीत.

आता तुमची भिंत बघा. एकच माणूस टच करतोय आणि अकरा जण त्याच्या पाठीकडे बघतायत. लाखमोलाच्या पडद्यानं तोच अडथळा पुन्हा बांधलेला असतो, आणखी भक्कम करून. त्यातून भिंतीपाशी जातो तो बहुतेक वेळा पदानं मोठा असतो किंवा ज्याला पुढे जायची भीड नाही असा. ज्याच्याकडे खरं सांगण्यासारखं आहे तो मागच्या खुर्चीत राहतो. हे मला फार लागतं, कारण या जागा त्याच माणसासाठी बांधतात असं सांगितलं जातं.

म्हणून फोनचं काम मोठं असावं, पण एकाच गोष्टीपुरतं: लिहिणं. प्रत्येकानं आपल्या फोनवर किंवा टॅबवर लिहावं, एकाच वेळी, निनावी. लिहून झाल्यावर ते भिंतीवर जावं. दुसऱ्याचं लिहिलेलं आधी दिसू नये. मी 'आता सगळं दाखवा' म्हणेन तेव्हाच भिंत भरावी. मांडणी, गट करणं, वाद घालणं मात्र भिंतीवर आणि टेबलावर, उभं राहून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत व्हावं. लिहिण्याच्या वेळी खाली बघायचं, बोलण्याच्या वेळी वर. हा बदल इंटरफेसनं घडवून आणायला हवा. चर्चा सुरू झाली की फोनवरचा स्क्रीन रिकामा करा, नाहीतर माणसं त्यातच अडकतात.

झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात कोलॅब नावाची खोली होती. दोन ते सहा जणांच्या बैठकीसाठी प्रत्येकापुढे कॉम्प्युटर आणि समोर मोठा बोर्ड. १९८७ मध्ये त्यावरचा लेख आला. सगळ्यांना सगळीकडे अगदी तेच दिसावं या तत्त्वावर त्यांनी सुरुवात केली, आणि वापरात ते तत्त्व सैल करावं लागलं: दुसऱ्यांचे कर्सर सतत दिसले की लक्ष उडतं, प्रत्येकाला आपली खिडकी आपल्या जागी हवी असते. इतक्या वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे, तरी अजून असे हॉल निघतात जिथे सगळ्या पडद्यांवर तेच ते चित्र असतं.

ऑपरेटरबद्दल: तो नसणार असंच धरा. सुरुवातीचे काही महिने असतो, मग त्याला दुसरं काम मिळतं. हॉल सुरू करणं, सत्र उघडणं, आवाज कमी करणं, बंद करणं ही कामं पहिल्यांदाच आलेल्या माणसाला जमली पाहिजेत. दाराशी एक छोटं पॅनल, त्यावर हीच चार बटणं. दिव्यांची तीस दृश्यं तिथे नकोत.

पाटीपेन्सिल

+१ चर्चाघर. निनावी लिहिण्याचं तर शंभर टक्के.

नवं_पाऊल

मी शिकतेय अजून, त्यामुळे प्रश्न सोपा असेल. हवेत हात हलवून पडदा चालवणं इतकं छान दिसतं, मग ते घ्यावं की नाही असा प्रश्नच का पडतो? कॅमेरे तर छतात आहेतच.

मागचा_सर्व्हर

@नवं_पाऊल, प्रश्न चांगला आहे, दोन कारणं सांगतो.

हात खांद्याच्या उंचीवर धरून ठेवा आणि बघा किती वेळ धरता येतो. थोड्याच वेळात खांदा भरून येतो. उभ्या टचस्क्रीनमध्येही हाच त्रास आहे, हवेत तर टेकायलाही काही नाही. दुसरं, माणसं बोलताना हात हलवतातच. मशीनला यातला कोणता हातवारा हुकूम आहे हे कसं कळणार? रॉबर्ट जेकब यांनी १९९० च्या सुमारास नजरेनं चालणाऱ्या इंटरफेसबद्दल हीच अडचण मांडली आणि तिला हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या गोष्टीतल्या मायडास राजाचं नाव दिलं: जिथे बघाल तिथे काहीतरी सुरू होतं, नुसतं बघायची सोयच उरत नाही. बारा माणसांच्या चर्चेत तर हातवाऱ्यांचा पूर असतो.

एक वाट मात्र मला अजून खरी वाटते. १९८० मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी एक प्रयोग दाखवला. माणूस खुर्चीत बसून भिंतभर पडद्यावर हात रोखतो आणि 'हे तिथे ठेव' असं बोलतो. हात 'हे' आणि 'तिथे' सांगतो, शब्द 'ठेव' सांगतो. दोन्ही जुळले तरच काही होतं, त्यामुळे चुकून काही घडण्याची शक्यता खूप कमी होते. आजची आवाज-ओळख त्या काळाच्या कितीतरी पुढे आहे. सादरीकरणात मागच्या चार्टपैकी एक पुढे आणायचा असेल तर हे जमून जाईल. पण ते जास्तीची सोय म्हणून, एकमेव मार्ग म्हणून नाही. गोंगाटात आणि दोघं एकदम बोलताना काय होतं ते हॉलमध्येच तपासा.

आता रेघोटींसाठी, माझ्या बाजूचं.

पडद्यांची संख्या बघता मशीन अनेक असणार. प्रत्येक पडद्याचं अॅप्लिकेशन वेगळं लिहून ते एकमेकांशी बोलवायचं, या वाटेला जाऊ नका. सत्राची सगळी स्थिती एका जागी ठेवा: कोणती कार्डं आहेत, कुठे आहेत, कोणता टप्पा चालू आहे. भिंत, टेबल, फोन हे त्या स्थितीचे वेगवेगळे चेहरे. एखादं मशीन मध्येच बंद पडलं तर पुन्हा सुरू झाल्यावर त्यानं स्थिती विचारून जिथे होतं तिथे यावं. स्टॅनफर्डच्या आयरूम प्रकल्पात १९९९ च्या सुमारास हेच तत्त्व होतं. सगळ्या घटना एका सामायिक जागी टाकायच्या, ज्याला हव्यात त्यानं उचलायच्या. एक घटक पडला तरी बाकीची खोली चालू राहते. आज वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सतत उघड्या जोडणीवर) हे करणं कितीतरी सोपं आहे.

विलंब मोजा. भिंतीवर माणूस कार्ड ओढताना बोट सहज सेकंदाला अर्धा मीटर सरकतं. सेन्सरपासून पिक्सेलपर्यंत १०० मिलिसेकंद लागले तर कार्ड बोटाच्या ५ सेंटिमीटर मागे असतं. लॅपटॉपवर हे कुणाला जाणवत नाही, इथे वस्तू हातातून निसटल्यासारखी वाटते. सेन्सर, सॉफ्टवेअर, व्हिडिओ प्रोसेसर, पॅनल या प्रत्येकाचा वाटा वेगळा मोजा. नुसतं 'हळू आहे' म्हणत बसलात तर चौघं एकमेकांकडे बोट दाखवतील.

ॲनिमेशनचंही तसंच. १४ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण ३१ सेंटिमीटर रुंद असतो आणि तुमची भिंत त्याच्या एकतीस पट. लॅपटॉपवर अर्ध्या सेकंदात ३ सेंटिमीटर सरकणारं कार्ड भिंतीवर तेवढ्याच वेळात जवळजवळ मीटरभर धावतं. पुढे उभ्या माणसाच्या अंगावर काहीतरी आल्यासारखं वाटतं.

आणि टच कुणाचा हे भिंतीला कळत नाही. २००१ मध्ये मित्सुबिशीच्या प्रयोगशाळेनं डायमंडटच नावाचं टेबल केलं होतं, त्यात टेबलातून अगदी क्षीण सिग्नल शरीरामार्फत त्या माणसाच्या खुर्चीत जाऊन कोणाचं बोट आहे ते ओळखता यायचं. नेहमीच्या सेन्सरमध्ये ती सोय नाही. त्यामुळे 'तुम्ही हलवलेलं मागे घ्या' अशी रचना व्यक्तीवर नको, वस्तूवर हवी: त्या कार्डाचा इतिहास त्या कार्डापाशीच.

उंबरठा

चर्चा छान चालली आहे. पण सगळे उभ्या, दोन्ही हात मोकळे असलेल्या, नीट दिसणाऱ्या माणसासाठी डिझाइन करताहात असं वाटलं, म्हणून लिहिते.

२.७ मीटर उंच भिंतीचा वरचा भाग बहुतेकांच्या हाताला लागत नाही. व्हीलचेअरवरून तर त्याहून कमी. अमेरिकेतल्या एडीए (अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या) मानकात हात पोहोचण्याचा पट्टा जमिनीपासून ३८ ते १२२ सेंटिमीटर असा दिलाय. तोच धरा. वरची भिंत बघण्यासाठी, हा पट्टा करण्यासाठी. वरचं कार्ड खाली आणायचा मार्ग द्या. जर्मनीतल्या आय-लँड प्रकल्पाच्या ४.५ मीटर रुंद भिंतीवर १९९९ मध्येच वस्तू 'फेकून' दुसऱ्या टोकाला पाठवता यायची. 'सगळं माझ्याकडे घे' अशी उलटी कृतीही तशीच करता येईल. ती उंचीनं कमी असलेल्यांना, पाठदुखीवाल्यांना, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट कुठेही नको. हा वेबसाठीचा नियम आहे, पण इथे पडदा नजरेचा सगळा पट्टा व्यापतो, त्यामुळे धोका जास्त. तसंच अख्खी भिंत एकदम सरकवणं, पडद्यावरचं दृश्य आपोआप फिरवणं, अवकाशात उड्डाण वगैरे टाळा. नजर व्यापणारं चित्र सरकलं की उभ्या माणसाला आपणच सरकतोय असं वाटतं. काहींना मळमळतं, काहींचा तोल जातो. भव्य वाटावं म्हणून हेच आधी सुचवलं जातं, म्हणून मुद्दाम सांगते.

ज्याला भिंत दिसत नाही त्याचं काय? चर्चाघर यांनी सांगितलेला फोन इथे कामाला येतो. सत्राची स्थिती एका जागी असेल तर तोच मजकूर फोनवर स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल अशा साध्या पानात देता येतो. दिसत नसलेला सहकारी मग पाहुणा राहत नाही, तो कार्ड लिहितो, गट वाचतो, मत देतो. त्यासाठी फोनचं पान सुरुवातीपासून तसं बांधा. शेवटी जोडायला गेलात की होत नाही.

साधं_सोपं

मला एक मूलभूत प्रश्न पडतो. चांगला फळा, भरपूर चिकटचिठ्ठ्या आणि खिडक्या असलेली खोली दिली तर यातलं किती बिघडेल? मी अशा चकचकीत जागांत बसलोय. उद्घाटनानंतर तिथे पाहुणे येतात, तीच ती फिल्म बघतात, फोटो काढतात. काम करणारी टीम जिन्याखालच्या छोट्या खोलीत फळ्यावर असते. हे तक्रार म्हणून लिहीत नाहीये. एवढा पैसा आणि कष्ट त्या टीमला मिळावेत असं वाटतं.

रेघोटी

@साधं_सोपं, तुमचा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे. फळ्याला जमत नाहीत अशा तीन गोष्टी मला दिसतात: जिवंत माहिती समोर ठेवून तिच्यावर वाद घालणं, दूरच्या सहकाऱ्याला बरोबरीनं हात घालू देणं, आणि पुढच्या आठवड्यात खोली होती तशी परत उघडणं. या तिन्हींपैकी एकही लागत नसेल त्या दिवशी भिंत मंद करून फळा वापरावा. म्हणून फळा हॉलमध्ये राहणार, तो मी आराखड्यात टाकलाय. टेबलावरच्या कॅमेऱ्यानं कागदी चिठ्ठ्यांचा फोटो घेऊन त्या भिंतीवर कार्डं म्हणून आणायच्या, असंही ठरवतोय.

पाहुण्यांचं म्हणाल तर ते येणारच, कंपनीला ते हवंय. दोन वेगळ्या अवस्था करतोय: दाखवण्याची आणि कामाची. दाखवण्याच्या अवस्थेतही फिल्मऐवजी खऱ्या सत्रातून बाहेर पडलेलं काम दाखवावं असा माझा आग्रह आहे, अर्थात संबंधित टीमच्या परवानगीनं. तेवढ्यासाठी तरी कुणीतरी तिथे काम करेल.

थ्रीडीबद्दल कुणी बोललं नाही. शिकागोत इलिनॉय विद्यापीठात १९९२ साली केव्ह नावाची खोली झाली, भिंतींवर आणि जमिनीवर थ्रीडी प्रोजेक्शन. त्यात चित्र ज्या एका माणसाच्या डोक्याची जागा मोजली जाते त्याच्या नजरेनुसार तयार होतं. त्याला अचूक, बाकीच्यांना तिरकं. एखाद्या यंत्राचा किंवा इमारतीचा आराखडा एकजण तपासत असेल तेव्हा ते अतुलनीय आहे. बारा जणांच्या बैठकीत मी ते वापरणार नाही.

तारजोडणी

थ्रीडीबद्दल सहमत. आवाज राहिला. काच, एलईडी आणि गुळगुळीत जमीन म्हणजे प्रत्येक शब्द घुमणार. इंटरफेसचे टिकटिक, सुर्रकन असले आवाज बंद ठेवा आणि बजेटमधून आधी छताला ध्वनी शोषणारं आच्छादन मागा. माणसांचं बोलणं नीट ऐकू येणं हे त्या हॉलमधलं पहिलं काम.

चर्चाघर

@तारजोडणी, हे वाचून फार बरं वाटलं. हे सांगून सांगून दमले होते.

रेघोटी, 'खोली होती तशी परत उघडणं' म्हणालात, त्यावर दोन गोष्टी. सत्र संपताना माणसांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे, त्याच मिनिटाला. हॉलमधून बाहेर पडल्यावर आठवड्यानं लिंक आली तर ती कुणी उघडत नाही. आणि ते त्या कंपनीच्या रोजच्या साधनात उघडलं पाहिजे, नुसतं भिंतीचं चित्र नको.

मागचा_सर्व्हर

यात मी भर घालतो. गूगलचा जॅमबोर्ड आठवा: ५५ इंची फोर-के बोर्ड, त्याचं स्वतःचं अॅप. ३१ डिसेंबर २०२४ ला ते अॅप बंद झालं. त्यात केलेलं काम आता त्या अॅपमध्ये उघडता येत नाही. तुमचं सॉफ्टवेअर तुमच्या टीमनं लिहिलेलं असलं तरी हीच वेळ येते: माणसं बदलतात, मशीन बदलतात. प्रत्येक कार्डाला कायमचा ओळखक्रमांक, आणि प्रत्येक सत्र संपताना आपोआप दोन फाइली: माणसांसाठी पीडीएफ, मशीनसाठी साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाइल). भिंत नसली तरी काम वाचता आलं पाहिजे.

रेघोटी

दोन्ही घेतले. सीएसव्हीची कल्पना आजच करारात घालायला सांगतो, नंतर ती कुणी मागत नाही.

पुढचं पाऊल असं: हॉल तयार व्हायच्या आधी रिकाम्या गोदामात भिंतीच्या मापाचा पांढरा कपडा टांगायचा, दोन प्रोजेक्टर लावायचे, जमिनीवर चिकटपट्टीनं टेबल आणि खुर्च्या आखायच्या. टच ओळखायला सुरुवातीला सेन्सर नाही. मागे लॅपटॉपवर बसलेला आमच्यातला एकजण बघून कार्डं हलवेल. कंपनीच्या खऱ्या टीमला त्यांचा खरा प्रश्न घेऊन बोलवायचं. अक्षरांचं माप, मेनूची जागा, हाताचा पट्टा हे सगळं तिथे कोड न लिहिता कळेल. उंबरठा, यात व्हीलचेअर वापरणारे आणि कमी दिसणारे सहकारी पहिल्या फेरीपासूनच असतील.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. एक टीम सकाळी गोपनीय कामावर बसली आणि दुपारी बाहेरचे पाहुणे आले, तर मधल्या वेळात भिंत, टेबल, फोन, छतातले कॅमेरे यांचं काय करावं?

उंबरठा

कॅमेऱ्यांपुरतं सांगते. सेन्सरला माणूस कुठे उभा आहे एवढंच हवं असेल तर तेवढंच ठेवा, चित्र साठवूच नका. शक्य असेल तिथे कॅमेऱ्याऐवजी नुसतं अंतर मोजणारा सेन्सर घ्या. कॅमेरा चालू आहे हे आत बसलेल्या सगळ्यांना दिसेल असा दिवा ठेवा आणि बंद करायचं बटण दाराशी, चर्चाघर यांच्या चार बटणांच्या शेजारी. आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की अर्धवट कल्पना कुणी बोलत नाही.

मागचा_सर्व्हर

बाकीच्याचं: वेळ संपली म्हणून आपोआप पुसू नका. लोक विचार करत गप्प बसलेले असतात आणि मशीनला वाटतं खोली रिकामी आहे. काही वेळ हालचाल नसेल तर भिंत झाकून टाका, मजकूर तसाच राहू द्या, आणि उघडायला सत्र सुरू करणाऱ्याचा पिन मागा. 'सत्र संपवा' दाबल्यावर मात्र खरोखर सगळं जाऊ द्या: फाइली त्यांच्या मालकाकडे पाठवून झाल्याची खात्री करा, मग भिंत, टेबल आणि मध्ये साठवलेल्या प्रती पुसा. फोन जोडण्याचा क्यूआर कोड प्रत्येक सत्राला नवा आणि सत्राबरोबर मरणारा हवा, नाहीतर सकाळच्या टीममधला कुणीतरी दुपारच्या भिंतीवर लिहू शकेल. दुसरं सत्र उघडायचं बटण पहिलं पुसून झाल्याशिवाय चालूच होऊ नये. आणि हे सगळं पाहुणे दारात उभे असताना करून बघा, कारण खरं तसंच होणार आहे.